उसना शिक्का: डेटाबेसमधल्या अधिकारवाढीचा इतिहास

आत येताना दोघा-तिघांनी विचारलं, की व्याख्यानमाला इतिहासाची आणि आजचा विषय डेटाबेस सर्व्हरमधल्या सुरक्षेच्या भोकांचा, हे कसं काय? प्रश्न रास्त आहे. पण आज आम्ही जे सांगणार आहोत त्यात माणसं आहेत, तारखा आहेत, कागदपत्रं आहेत. आणि एक चूक आहे, जी हुशार आणि काळजीपूर्वक काम करणाऱ्या लोकांनी जवळजवळ पन्नास वर्षं पुन्हा पुन्हा केली. अशी चूक म्हणजे इतिहासाचाच विषय की नाही?

आधी एक गोष्ट स्पष्ट करू. बाहेरून कुलूप फोडून आत येणाऱ्याबद्दल आज आपण बोलत नाही. आज आपण बोलतोय ते रीतसर आत असलेल्या माणसाबद्दल. त्याच्याकडे स्वतःचं खातं आहे, पासवर्ड आहे, दोन-चार तक्ते वाचायची परवानगी आहे. आणि हा माणूस कोणाचाही पासवर्ड न चोरता सगळ्या डेटाबेसचा मालक होतो. इंग्रजीत याला प्रिव्हिलेज एस्कलेशन म्हणतात, आम्ही साधं 'अधिकारवाढ' म्हणू. हा माणूस मालकाची सही खोटी करत नाही. मालकाला, किंवा मालकाच्या कारभाऱ्याला, तो आपल्या कागदावर खरीच सही करायला लावतो.

या प्रकाराची एक प्रसिद्ध गोष्ट आहे, आणि ती डेटाबेसची नाही, फोरट्रान कंपायलरची आहे. नॉर्म हार्डी नावाच्या संगणकतज्ज्ञानं ती १९८८ साली लिहिली. प्रसंग त्याच्याही दहा-अकरा वर्षं आधीचा, टाइमशेअर नावाच्या कंपनीतला. ही कंपनी एकच मोठा संगणक अनेक गिऱ्हाइकांना भाड्यानं वापरायला द्यायची. त्यावर एक फोरट्रान कंपायलर होता. कोण कुठली सोय किती वापरतो याची आकडेवारी कंपायलरला स्वतःच्या डिरेक्टरीत लिहून ठेवायची होती, म्हणून त्याला त्या डिरेक्टरीत लिहायची खास परवानगी दिलेली होती. आता योगायोग बघा. गिऱ्हाइकांच्या बिलांची फाइलही त्याच डिरेक्टरीत होती. कंपायलर वापरणाऱ्याला एक सोय होती: चुका शोधण्यासाठीची माहिती कुठल्या फाइलमध्ये लिहायची, ते नाव तो देऊ शकायचा. एका वापरणाऱ्यानं नाव दिलं ते बिलांच्या फाइलचं. कंपायलरनं ऑपरेटिंग सिस्टिमला विचारलं, लिहू का? सिस्टिमनं बघितलं, याच्याकडे परवानगी आहे. लिही म्हणाली. बिलं गेली.

इथे कोणाचं चुकलं सांगा. वापरणाऱ्याकडे बिलांच्या फाइलचा अधिकार नव्हता, कंपायलरकडे होता. कंपायलर दोन मालकांचं काम एकाच वेळी करत होता. थोडं स्वतःचं, थोडं गिऱ्हाइकाचं. आणि कुठलं काम कोणाच्या अधिकारानं करायचं, हे सांगायची सोयच त्याच्याकडे नव्हती. हार्डीनं याला जे नाव दिलं त्याचं मराठी आम्ही 'गोंधळलेला मुखत्यार' असं करतो. मुखत्यारपत्र घेऊन बसलेला भला माणूस. त्याच्यासमोर कोणी कागद सरकवतो, आणि हा धन्याचा शिक्का उठवतो.

हा मुखत्यार लक्षात ठेवा. पुढे तो सारखा भेटणार आहे.

आता डेटाबेसकडे येऊ. १९७० साली एडगर कॉड यांनी रिलेशनल पद्धतीची कल्पना मांडली. सगळी माहिती तक्त्यांत ठेवायची, आणि काय हवं ते सांगायचं, कसं शोधायचं ते यंत्रानं ठरवायचं. आयबीएमच्या सॅन होजे इथल्या प्रयोगशाळेत त्यावरून सिस्टिम आर उभी राहिली. तिथे लगेच प्रश्न आला, की एकाच डेटाबेसमध्ये पगारवाले, गोदामवाले, हिशेबवाले असे सगळे आले तर कोणी काय बघायचं? १९७६ मध्ये पॅट्रिशिया ग्रिफिथ्स आणि ब्रॅडफर्ड वेड यांनी त्याचं उत्तर दिलं. ग्रँट आणि रिव्होक, म्हणजे अधिकार द्या आणि काढून घ्या. ज्याला दिला त्याला तो पुढे देण्याचाही अधिकार देता येईल. आणि वरच्यानं काढून घेतला, की खालची सगळी साखळी अशी पुसली जावी की जणू तो अधिकार कधी दिलाच नव्हता. आजही जगातला बहुतेक प्रत्येक एसक्यूएल डेटाबेस याच दोन शब्दांवर चालतो.

दोनच वर्षांनी, १९७८ मध्ये, रोनाल्ड फेगिन यांनी दाखवून दिलं की त्या निबंधातला काढून घेण्याचा हिशेब चुकतो. समजा कारभाऱ्याला मालकाकडून अधिकार मिळाला आणि त्यानं तो कारकुनाला दिला. पुढे कारभाऱ्याला तोच अधिकार दुसऱ्या मालकाकडूनही मिळाला आणि त्यानं तो कारकुनाला पुन्हा दिला. मूळ पद्धतीत या दुसऱ्या देण्याची वेगळी नोंदच राहत नव्हती. मग पहिल्या मालकानं आपला अधिकार काढून घेतला, की कारकुनाचाही जायचा, खरं तर दुसऱ्या मालकाकडून आलेला अधिकार शाबूत असायला हवा होता तरी. फेगिन यांचा उपाय साधा होता: प्रत्येक देण्याची तारखेसह नोंद ठेवा, पहिलीच ठेवून भागणार नाही. या चुकीनं कोणाचा अधिकार वाढत नव्हता, उलट जात होता. तरी आम्ही ती मुद्दाम सांगतोय, कारण अधिकारांचा हिशेब कागदावर, गणितानं, उत्तम डोक्यांनी केला तरी पहिल्याच निबंधात चूक निघते, इतका तो निसरडा आहे.

अजून एक धागा याच काळातला. युनिक्समध्ये डेनिस रिची यांनी सेटयूआयडी नावाची युक्ती काढली. पेटंटचा अर्ज १९७३ चा, पेटंट मिळालं १९७९ मध्ये. युक्ती अशी, की एखादा प्रोग्रॅम चालवणाऱ्याच्या अधिकारानं न चालता त्या प्रोग्रॅमच्या मालकाच्या अधिकारानं चालेल. तुमचा पासवर्ड बदलायचा तर पासवर्डच्या फाइलमध्ये लिहायला हवं, आणि ती फाइल तर तुमच्या हातात देता येत नाही. मग एक विश्वासू प्रोग्रॅम ठेवा, तो तुमच्या वतीनं लिहील. म्हणजे पुन्हा मुखत्यारच. आणि ही सोय नको म्हणणं शक्य नव्हतं, हे लक्षात घ्या. तलाठ्याच्या दप्तरात शेतकऱ्याला स्वतः नोंद करता येत नाही, पण नोंद तर व्हायला हवी. मध्ये कोणीतरी लागतोच.

डेटाबेसमध्ये ही युक्ती आली ती साठवलेल्या फंक्शन्स आणि प्रोसीजर्सच्या रूपानं. ओरॅकलमध्ये पीएल/एसक्यूएलचं पॅकेज ज्यानं लिहिलं त्याच्या अधिकारानं चालायचं. चालवणाऱ्याच्या अधिकारानं चालवायची सोय १९९९ च्या सुमाराला ओरॅकल ८आयमध्ये आली, पण न सांगता जे होतं ते जुनंच राहिलं. आता ओरॅकलबरोबर येणारी कितीतरी पॅकेजेस सिस या सर्वोच्च खात्याच्या मालकीची आणि ती चालवायची परवानगी पब्लिकला, म्हणजे झाडून सगळ्यांना. त्यांतल्या काहींच्या आत एसक्यूएलचं वाक्य बाहेरून आलेल्या मजकुराला जोडून तयार व्हायचं.

तुमच्यापैकी ज्यांनी वेबसाइटवरचं एसक्यूएल इंजेक्शन ऐकलंय त्यांच्या डोक्यात दिवा लागला असेल. तेच इथे डेटाबेसच्या पोटात. हल्ला करणारा एक छोटं फंक्शन लिहितो, 'मला डीबीए कर' एवढंच त्यात. स्वतः चालवलं तर काही होत नाही, त्याला अधिकारच नाही. मग तो त्या फंक्शनचं नाव सिसच्या पॅकेजला द्यायच्या मजकुरात घुसवतो. पॅकेज सिसच्या अधिकारानं चालतंय, वाक्य जोडतंय, ते फंक्शन बोलावतंय. झालं. शिक्का उठला.

गंमत म्हणजे, २००१ च्या शेवटी लॅरी एलिसन यांनी जाहिरात केली होती की आमचा डेटाबेस 'अनब्रेकेबल' आहे, अभेद्य आहे. अशी जाहिरात म्हणजे गल्लीतल्या पोरांना 'आमच्या आंब्यावर दगड मारून दाखवा' म्हणण्यासारखं. ब्रिटनमधल्या डेव्हिड लिचफिल्ड आणि त्यांच्यासारख्या इतर काही संशोधकांनी पुढची काही वर्षं भोकांमागून भोकं दाखवली. जानेवारी २००५ पासून ओरॅकलनं दर तिमाहीला दुरुस्त्यांचा गठ्ठा काढायला सुरुवात केली, तो शिरस्ता आजही चालू आहे. मजकूर वाक्यात जोडण्याआधी तपासणारं डीबीएमएस_असर्ट नावाचं पॅकेजही आलं. ओरॅकलचा हा अध्याय आम्ही इथेच सोडतो, कारण पुढचे दोन जास्त बोलके आहेत, आणि त्यांचा कोड उघडा असल्यामुळे नक्की काय झालं ते ओळ न् ओळ वाचता येतं.

मायएसक्यूएलचं प्रकरण घ्या. हे २००३ मध्ये सुरू होतं. मायएसक्यूएलमध्ये एखाद्या प्रश्नाचं उत्तर थेट फाइलमध्ये लिहिता येतं. ३.२३.५५ आणि त्याआधीच्या आवृत्त्यांत या सोयीनं कॉन्फिगरेशनची फाइल लिहिता यायची. त्यात 'सर्व्हर रूट म्हणून चालव' असं लिहायचं आणि थांबायचं. कधीतरी कोणीतरी सर्व्हर बंद करून चालू करणारच, अमावास्येला नाही तर पौर्णिमेला. दुरुस्ती काय केली? अशा वाटेनं तयार होणारी फाइल कोणालाही लिहिता येण्याजोगी असायची, म्हणून सर्व्हरनं ठरवलं की कोणालाही लिहिता येते अशी कॉन्फिगरेशन फाइल मी वाचणारच नाही. दार बंद.

तेरा वर्षांनी, १२ सप्टेंबर २०१६ ला, दाविद गोलुन्स्की या पोलिश संशोधकानं जाहीर केलं की दार बंद आहे, पण शेजारची खिडकी उघडी आहे. मायएसक्यूएल आपली रोजनिशी, म्हणजे लॉग, कुठल्या फाइलमध्ये लिहायची हे चालू असताना बदलता येतं. लॉगची फाइल म्हणून कॉन्फिगरेशन फाइलचंच नाव द्या, आणि मग हवा तो मजकूर प्रश्न म्हणून विचारा. तो लॉगमध्ये जाणार, म्हणजे कॉन्फिगरेशनमध्ये जाणार. या फाइलवर आक्षेप घ्यायलाही जागा नाही, कारण तिच्या परवानग्या व्यवस्थित असतात. टाइमशेअरच्या कंपायलरची आठवण आली ना? त्यालाही असंच फाइलचं नाव दिलं होतं.

पण लॉगची फाइल बदलायला वरचा अधिकार लागतो, तो साध्या खात्याकडे नाही. त्यावरची युक्ती आम्हाला या सगळ्या प्रकरणात सर्वांत कुशल वाटते. त्या काळी मायएसक्यूएलमध्ये ट्रिगर साध्या मजकुराच्या फाइलमध्ये साठवलेला असायचा, आणि तो कोणाच्या नावानं चालायचा तेही त्याच फाइलमध्ये लिहिलेलं असायचं. ज्या खात्याला फाइल लिहायची परवानगी आहे, त्यानं ट्रिगरची फाइल सरळ हातानं लिहायची, आणि कर्ता म्हणून नाव घालायचं रूटचं. सर्व्हर ती वाचतो, नाव बघतो, मान डोलावतो. त्या तक्त्यात एक ओळ घातली की ट्रिगर रूटच्या नावानं चालतो आणि लॉगची फाइल बदलतो.

आणि शेवटचा टप्पा. मायएसक्यूएल सर्व्हर स्वतः साध्या खात्यानं चालतो, पण त्याला सुरू करणारी आणि पडला तर उचलणारी एक छोटी स्क्रिप्ट होती, मायएसक्यूएलडी_सेफ. ही चालायची रूट म्हणून. सर्व्हर सुरू करण्याआधी कुठली लायब्ररी चढवायची हे ती कॉन्फिगरेशनमधून वाचायची. नावात 'सेफ' आहे, हे आम्ही मुद्दाम सांगत नाही, तुम्ही ऐकलंच. म्हणजे राखणदारालाच फितवलं. गोलुन्स्कीनं ओरॅकलला २९ जुलैला कळवलं होतं. मायएसक्यूएल तोवर ओरॅकलच्या मालकीचं झालं होतं. मारियाडीबी आणि पर्कोना या भावंडांनी ऑगस्टअखेर दुरुस्ती केली, आणि ती उघड्या कोडमध्ये सगळ्यांना दिसत होती. चाळीस दिवस उलटल्यावर त्यानं जाहीर केलं. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये त्यानं आणखी दोन भोकं दाखवली. एकानं साध्या डेटाबेस खात्याचा माणूस सर्व्हरचं खातं मिळवायचा, आणि दुसरं पुन्हा त्याच स्क्रिप्टमधलं, चुकांच्या लॉगच्या जागी भलतीकडे बोट दाखवणारी लिंक ठेवून थेट रूट व्हायचं. दोन्ही जोडली की एकाच सर्व्हरवर पन्नास गिऱ्हाइकं ठेवणाऱ्या होस्टिंगवाल्याच्या पायऱ्या तयार. तळमजला ते गच्ची.

आता पोस्टग्रेसक्यूएल. इथे आम्ही जरा रेंगाळणार आहोत, कारण याच्यावर आमचं प्रेम आहे. मायकेल स्टोनब्रेकर यांनी १९८६ मध्ये बर्कलीला सुरू केलेला प्रकल्प हा. पुण्यातही त्यावर रोजचं काम करणारी मंडळी आहेत, काही आज समोर बसलेली दिसतात. याची मूळ कल्पनाच अशी, की वापरणाऱ्यानं डेटाबेस वाढवावा. स्वतःचे प्रकार बनवावेत, स्वतःची फंक्शन्स लिहावीत, इंडेक्सही फंक्शनवर बांधावा. सुरक्षेच्या बाबतीत ही मंडळी पहिल्यापासून कर्मठ. रूट म्हणून सर्व्हर चालवायला गेलात तर तो सुरूच होत नाही, सरळ नकार देतो.

पण पोस्टग्रेसला एक सफाई करावी लागते. एखादी ओळ बदलली की तो जुनी ओळ लगेच पुसत नाही, तिथेच ठेवतो आणि नवी लिहितो, कारण कोणीतरी जुनी वाचत असेल. मग मेलेल्या ओळी साचतात, त्या झाडायला व्हॅक्यूम लागतं. आधी हे काम हातानं करायचं, रात्री. ८.३ या आवृत्तीपासून, म्हणजे फेब्रुवारी २००८ पासून, ऑटोव्हॅक्यूम न सांगताच चालू राहू लागलं. आता हा सफाई कामगार कोणाच्या अधिकारानं फिरणार? त्याला प्रत्येक खोलीत जायचंय. साहजिकच सर्वोच्च, म्हणजे सुपरयूजर.

आणि एखाद्या खोलीत, म्हणजे तक्त्यात, कोणीतरी स्वतःच्या फंक्शनवर इंडेक्स बांधलेला असतो. सफाई करताना, आकडेवारी गोळा करताना ते फंक्शन चालवावं लागतं. म्हणजे साध्या माणसानं लिहिलेला कोड मालकाच्या अधिकारानं. ७ जानेवारी २००८ ला, ८.३ बाहेर पडायच्या महिनाभर आधी, हे भोक बुजवलं गेलं. यापुढे सफाई करताना अशी फंक्शन्स त्या तक्त्याच्या मालकाच्या ओळखीनं चालतील. सफाई कामगारानं खोलीत शिरताना आपली किल्ल्यांची जुडी बाहेर काढून ठेवायची.

डिसेंबर २००९. किल्ल्या बाहेर ठेवल्या, पण खोलीत असताना फंक्शन त्या सत्राची काही स्थिती बदलून ठेवू शकायचं, आणि त्याचा परिणाम कामगार बाहेर आल्यावर, किल्ल्या पुन्हा कमरेला लावल्यावर व्हायचा. म्हणून एक कुंपण घातलं गेलं, 'सुरक्षामर्यादित क्रिया' म्हणू त्याला. आत असताना अमुक-अमुक करायची बंदी. अकरा वर्षं ते टिकलं.

१२ नोव्हेंबर २०२०. एतिएन स्टालमन्स या संशोधकानं दाखवलं, की कुंपणाच्या आत काम करायचंच नाही, फक्त सांगून ठेवायचं. पोस्टग्रेसमध्ये पुढे ढकललेले ट्रिगर असतात, जे व्यवहार पुरा होताना चालतात. कुंपणाच्या आत असताना असा ट्रिगर रांगेत लावून ठेवायचा. कुंपण संपतं, ओळख परत सुपरयूजरची होते, व्यवहार पुरा होतो, आणि मग ट्रिगर चालतो. त्या दिवशीच्या सूचनेत लिहिलं होतं, की दुरुस्ती लगेच चढवता येत नसेल तर ऑटोव्हॅक्यूम बंद ठेवा, हातानं ॲनलाइझ किंवा रीइंडेक्स करू नका, आणि बॅकअपवरून पुनर्स्थापनाही करू नका. म्हणजे झाडू बंद करा. आणि त्याच सूचनेत पुढे, की यामुळे डेटाबेस लवकरच संथ होऊ शकतो. ज्यांनी ते दिवस सर्व्हर सांभाळत काढले त्यांना ही निवड कशी होती ते माहीत आहे.

मे २०२२. लक्षात आलं, की ऑटोव्हॅक्यूम, रीइंडेक्स, क्लस्टर अशा काही कामांत हे कुंपण उशिरा घातलं जातं, किंवा पुरतं घातलंच जात नाही. फेब्रुवारी २०२४. मटेरियलाइज्ड व्ह्यू ताजा करण्याच्या एका खास प्रकारात अधिकार उशिरा सोडला जातो. पुन्हा 'उशिरा'. २००८, २००९, २०२०, २०२२, २०२४. सोळा वर्षं, एकच खोली, एकच कामगार, एकच जुडी.

हे ऐकून कोणी म्हणेल, की ही माणसं निष्काळजी. आम्हाला ते मान्य नाही. या कोडची एकेक ओळ चार-चार जण वाचतात. अडचण अशी, की अधिकार सोडायची वेळ हजार ठिकाणी येते, आणि नवी सोय आली की एक हजार एकावी जागा तयार होते. ती जागा लिहिणाऱ्याच्या डोक्यात सोय असते, जुडी नसते.

आता एक घरचं सांगतो. पोस्टग्रेसमध्ये नाव शोधण्याचा एक क्रम असतो, सर्च पाथ. आणि पब्लिक नावाचं एक अंगण, जिथे वर्षानुवर्षं कोणालाही वस्तू ठेवायची मुभा होती. मार्च २०१८ मध्ये या प्रकल्पानं जाहीर केलं, की हे धोक्याचं आहे. अक्षरं छोटी करणारं लोअर हे फंक्शन घ्या. मूळ लोअर 'टेक्स्ट' प्रकारासाठी आहे. कोणी अंगणात 'व्हारचार' प्रकारासाठी दुसरं लोअर ठेवलं, आणि तुमचा रकाना व्हारचार असला, तर पोस्टग्रेस जास्त जुळणारं म्हणून अंगणातलं निवडतो. तुम्ही सुपरयूजर असाल, तर ते तुमच्या अधिकारानं चाललं.

आम्ही तेव्हा जिथे काम करत होतो, त्या जागेचं नाव नको, तिथल्या डेटाबेसमध्ये हजारेक माणसांचे पगार, रजा, कर्जाचे हप्ते, आणि वैद्यकीय बिलंही होती. अहवाल काढायला आलेल्या शिकाऊ मुलांना 'फक्त वाचायचं' खातं दिलेलं होतं. फक्त वाचायचं, असं आम्हीही समजत होतो. ती सूचना वाचल्यावर आम्ही डेटाबेसची एक प्रत घेतली, शिकाऊ खात्यानं अंगणात एक लोअर ठेवलं, मूळ काम करून वर 'मला कोणी चालवलं' एवढंच एका तक्त्यात लिहिणारं. सोमवारी सकाळी आमच्याच मुख्य प्रशासकाला नेहमीची कामं त्या प्रतीवर करायला सांगितली. चहा संपायच्या आत तक्त्यात त्याचं नाव आलं. तो बिचारा पांढराफटक पडला. चूक त्याची काहीच नव्हती.

उपाय एका ओळीचा होता. अंगणात वस्तू ठेवायची सर्वांची मुभा काढून घ्यायची. ती ओळ खऱ्या सर्व्हरवर चालवायला आम्हाला अकरा महिने लागले. कारण कुठल्या जुन्या प्रोग्रॅमनं अंगणात काय ठेवलंय आणि काय मोडेल, हे कोणालाच माहीत नव्हतं. बैठकांमध्ये एकच वाक्य ऐकायचं, 'वापरणारे सगळे आपलेच आहेत ना?' होते आपलेच. पण एखाद्या मुलाचा लॅपटॉप कॅन्टीनमध्ये उघडा राहिला तर पुढे येणारा आपला असेल असं नाही. आणि वैद्यकीय बिलं ज्यांची होती त्यांना या बैठकीत कोणी विचारलं नव्हतं.

मघाशी मध्येच एका ताईंनी विचारलं होतं, की फंक्शन लिहायची सोयच काढून टाकली तर? काढता येईल, काही ठिकाणी काढतातही. पण मग तो पोस्टग्रेस राहत नाही, आणि फंक्शनवरच्या ज्या इंडेक्समुळे रेल्वेच्या रांगेसारखा चालणारा शोध क्षणात होतो, तोही जातो. त्या समाजानं वेगळी वाट धरलीय. सप्टेंबर २०२४ मध्ये आलेल्या १७ व्या आवृत्तीपासून सफाईची कामं चालताना नाव शोधायचा क्रम सुरक्षित, ठरलेलाच वापरला जातो. कोणाची जुनी इंडेक्स फंक्शन्स त्यामुळे अडली, तर त्यांनी ती दुरुस्त करायची. याबद्दल कुरकुर झाली, आणि आमच्या मते ती सोसण्यासारखी आहे.

अंगणाचं दारही आता बंद झालंय. ऑक्टोबर २०२२ मधल्या १५ व्या आवृत्तीपासून पब्लिकमध्ये कोणीही उठून वस्तू ठेवू शकत नाही. फक्त एक बारीक अक्षरातली गोष्ट आहे. हा बदल नव्यानं जन्मलेल्या डेटाबेसला लागू आहे. तुमचा डेटाबेस २०१४ साली तयार झाला असेल आणि आवृत्तीमागून आवृत्ती चढवत तुम्ही आज १७ वर आला असाल, तर त्याच्या परवानग्या २०१४ च्याच राहतात, दार उघडंच राहतं. तेव्हा उद्या कामावर गेल्यावर आवृत्ती कुठली ते तर बघाच, पण तो डेटाबेस पहिल्यांदा कोणी आणि कधी तयार केला तेही विचारा. आमच्या त्या जागी हे सांगू शकणारे गृहस्थ निवृत्त होऊन नाशिकला राहायला गेले होते. त्यांना फोन केला. ते म्हणाले, 'अरे, तो अजून चालू आहे?'